ताफ्याबरोबर धावणाऱ्या पाणबुड्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लीट सबमरीन म्हणजे नेमकी कोणती पाणबुडी?

सुरुवातीच्या पाणबुड्या बंदराच्या तोंडाशी पहारा देणाऱ्या होत्या. लहान, संथ आणि किनाऱ्याला चिकटून राहणाऱ्या. १९१० नंतर मोठ्या आरमारांच्या डोक्यात वेगळी कल्पना शिरली. बॅटलशिपांचा, म्हणजे मोठ्या तोफांच्या अवजड युद्धनौकांचा, ताफा भर समुद्रात निघाला की पाणबुडीनेही त्याच्याबरोबर निघावं, पृष्ठभागावरून त्याच वेगाने धावावं आणि शत्रूचा ताफा दिसताच बुडी मारून टॉर्पेडो सोडावेत. अशा कामासाठी मुद्दाम आखलेली मोठी, वेगवान, लांब पल्ल्याची पाणबुडी म्हणजे फ्लीट सबमरीन.

ज्या कामासाठी ती जन्माला घातली, ते काम तिला कधीच धड जमलं नाही. पण त्या हट्टापायी तिच्या अंगी जो पल्ला, जो वेग आणि जो मोठा देह आला, त्याने पुढे पॅसिफिक महासागरातलं युद्ध फिरवलं. या पानावरची बहुतेक उत्तरं या दोन गोष्टींभोवतीच फिरतात.

ताफ्याबरोबर पाणबुडी न्यायचीच कशाला?

कारण त्या काळी निर्णायक लढाई म्हणजे दोन ताफ्यांची समोरासमोरची लढाई, असं सगळेच नौदल अधिकारी मानत. तिथे आपल्या बाजूने पंधरा-वीस पाणबुड्या शत्रूच्या परतीच्या वाटेवर बसवता आल्या तर काय बहार होईल, हा विचार मोहात पाडणाराच होता. ब्रिटनला आणखी एक धास्ती होती. जर्मन पाणबुड्या पृष्ठभागावर २२ नॉट (ताशी सुमारे ४१ किलोमीटर) गाठतात, अशी अफवा पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला लंडनपर्यंत पोहोचली होती. ती खोटी होती, पण तिच्यामुळे ब्रिटिश आराखड्यांना घाई झाली.

मग अडलं कुठे? मोठं इंजिन बसवायचं, झालं!

तेवढं मोठं डिझेल इंजिन तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. खरा अडसर इथेच होता, आणि पाणबुडीच्या इतिहासावर बोलताना नेमकं हेच सांगायचं राहून जातं.

जहाजाचा वेग थोडा वाढवायचा तरी ताकद भरमसाट वाढवावी लागते. ढोबळमानाने ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात चढते. १९१५-१६ मध्ये ब्रिटनच्या व्हिकर्स डिझेलमधून एका सिलिंडरमागे साधारण १०० अश्वशक्ती मिळे. ब्रिटनने जे-वर्गाच्या पाणबुड्यांत बारा-बारा सिलिंडरची तीन इंजिनं बसवून तीन पंखे फिरवले. एकूण ताकद ३,६०० अश्वशक्ती. वेग मिळाला १९.५ नॉट, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. पाणबुडीच्या मानाने हा पराक्रमच होता. पण ताफ्यातल्या बॅटलशिपा २१ नॉटने जात आणि नव्या तर त्याहून वेगवान होत्या. मागे पडणारी पाणबुडी ताफ्याच्या काय कामाची?

जाता जाता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. याच वर्गातल्या जे-१ ने ५ नोव्हेंबर १९१६ रोजी एकाच फैरीत ग्रोसर कुरफ्युर्स्ट आणि क्रोनप्रिन्झ या दोन जर्मन बॅटलशिपांना टॉर्पेडो मारले. दोन्ही जहाजं वाचली, पण तो नेम विसरण्यासारखा नाही. आणि जे-१ तेव्हा ताफ्याबरोबर नव्हती. एकटीच गस्त घालत होती.

ब्रिटिशांनी पाणबुडीत खरंच वाफेचं इंजिन बसवलं होतं का?

हो. धुराड्यासकट.

वाफेवर चालणाऱ्या या के-वर्गाचा आराखडा १९१३ मध्येच तयार झाला होता आणि बाजूला ठेवला गेला होता. जे-वर्ग कमी पडतोय म्हटल्यावर १९१५ मध्ये तो पुन्हा बाहेर काढला. लांबी १०३ मीटर. पृष्ठभागावरचं वजन १,९८० टन, पाण्याखाली २,५६६ टन. तेलावर चालणारे दोन यारो बॉयलर, वाफेची टर्बाइनं, एकूण १०,५०० अश्वशक्ती आणि वेग २४ नॉट. त्या वेळी जगातल्या कुठल्याही पाणबुडीला हा वेग नव्हता. शिवाय पाण्याखाली चालायला बॅटरी आणि विजेच्या मोटरी, आणि वर आल्यावर वाफ तयार होईपर्यंत काम भागवायला ८०० अश्वशक्तीचं एक डिझेल. एका होडीत तीन प्रकारची यंत्रं कोंबलेली! आराखडा करणारे कच्चे नव्हते. मागितलेल्या वेगाला त्या काळी दुसरं उत्तरच नव्हतं. माझ्या मते चूक मागणीत होती.

धुराडं असलेली पाणबुडी बुडी मारायची तरी कशी?

हुकूम आला की आधी बॉयलरच्या ज्वाळा विझवायच्या. मग दोन्ही धुराडी मोटरने आडवी पाडून वरच्या बांधणीतल्या खोबणीत बसवायची आणि त्यांच्या बुडाशी असलेली भोकं झाकणांनी घट्ट बंद करायची. बॉयलरच्या खोलीत हवा ओढणारी मोठाली तोंडं बंद करायची. टर्बाइन सोडवायचं, मोटर जोडायची. हे सगळं झालं की बॅलास्ट टाक्यांत पाणी घ्यायचं. सगळं सुरळीत पार पडलं तर साधारण पाच मिनिटं. त्याच काळातल्या लहान डिझेल पाणबुड्या मिनिटभराच्या आसपास पाण्याखाली जात. झाकणाखाली एखादा तारेचा तुकडा किंवा लाकडाची ढलपी अडकली, तरी समुद्र आत शिरायला तेवढं पुरे होतं.

बुडाल्यावर दुसरी अडचण. के-पाणबुडीची सुरक्षित खोली होती सुमारे ६१ मीटर आणि लांबी १०३ मीटर. नाक तीस अंशांनी खाली गेलं, की शेपटापेक्षा ते पन्नास मीटर खोल. म्हणजे शेपूट पृष्ठभागाजवळ असतानाच नाक मर्यादेच्या जवळ पोहोचलेलं असायचं. समुद्र खवळलेला असला की लाटांचं पाणी धुराड्यांतून आत येऊन बॉयलर विझत, तो त्रास वेगळाच. नाक लाटेत घुसू नये म्हणून पुढे त्यांना फुगीर, उंच नाक बसवावं लागलं.

राजपुत्र आल्बर्ट, म्हणजे पुढचे राजे सहावे जॉर्ज, के-३ वर असताना तिने अशीच अनावर बुडी मारली आणि तिचं नाक तळाच्या चिखलात रुतलं. वीस मिनिटांनी ती सुटली.

के-१३ च्या अपघाताबद्दल बरेच जण विचारतात. काय घडलं होतं?

२९ जानेवारी १९१७, स्कॉटलंडमधली गेअरलॉख खाडी. के-१३ ची शेवटची चाचणी होती. आत ८० माणसं होती: खलाशी, गोदीचे कामगार, पाहुणे अधिकारी. पाणबुडीने बुडी मारली आणि मागच्या भागात पाणी घुसलं. बॉयलर खोलीची हवा ओढणारी तोंडं उघडी राहिली होती. मागच्या भागातली माणसं तिथेच गेली. पुढच्या भागातल्यांनी पाणी रोखणारी दारं बंद केली आणि ते तळाशी अडकले.

के-१३ चे कप्तान गॉडफ्रे हर्बर्ट. त्यांच्यासोबत के-१४ चे कमांडर फ्रान्सिस गुडहार्ट पाहुणे म्हणून आले होते. आपण कुठे आहोत आणि काय केलं तर वाचू, हे वरच्यांना सांगायला कुणीतरी जाणं भाग होतं. दोघं कोनिंग टॉवरमध्ये, म्हणजे पाणबुडीच्या वरच्या छोट्या मनोऱ्यात, शिरले. हवेचा दाब वाढवून वरचं झाकण उघडायचं, गुडहार्टनी बाहेर पडायचं आणि हर्बर्टनी परत खाली यायचं असं ठरलं होतं. गुडहार्ट वरच्या बांधणीला धडकून मरण पावले. हर्बर्ट मात्र हवेच्या लोंढ्याबरोबर थेट पृष्ठभागावर फेकले गेले आणि वाचले. त्यांच्या माहितीवरून पुढची सुटका आखली गेली: आत हवा पुरवणारी नळी जोडली, तारांच्या दोरांनी नाक पाण्याच्या वर उचललं आणि पोलादाला भोक पाडलं. ५७ तासांनी सुटका पूर्ण झाली. हर्बर्ट धरून ४८ माणसं वाचली. ३२ गेली.

वाचलेल्यांपैकी एकाने पुढे ऑस्ट्रेलियात नशीब काढलं आणि सिडनीजवळच्या कार्लिंगफर्डला आपल्या सोबत्यांचं स्मारक उभारायला पैसे दिले. ते आजही तिथे आहे.

पाणबुडी वर काढली, दुरुस्त केली आणि के-२२ या नव्या क्रमांकाने पुन्हा सेवेत घेतली. पुढच्या उत्तरात ती परत येते.

मे बेटाच्या लढाईत कोण जिंकलं?

तिथे शत्रूच नव्हता. ३१ जानेवारी १९१८ च्या रात्री ब्रिटिश ताफा रोसाइथहून सरावाला निघाला. युद्धकाळ म्हणून दिवे मंद, वायरलेस बंद. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या फर्थ ऑफ फोर्थ या खाडीच्या तोंडाशी मे बेट आहे. तिथे के-पाणबुड्यांच्या दोन तुकड्या मोठ्या जहाजांच्या रांगेत धावत होत्या.

वाटेत आलेल्या लहान गस्ती बोटी चुकवताना के-१४ चं सुकाणू अडकलं आणि मागून येणारी के-२२ तिच्यावर आदळली. मागून येणाऱ्या बॅटलक्रूझर इन्फ्लेक्झिबलने के-२२ ला आणखी एक धडक दिली. मदतीसाठी पुढची तुकडी उलटी फिरली आणि समोरून येणाऱ्या आपल्याच ताफ्यात घुसली. क्रूझर फिअरलेसने के-१७ ला चिरलं. के-६ ने के-४ ला धडक दिली. के-४ सगळ्या माणसांसह गेली. के-१७ चे खलाशी पाण्यात उड्या मारून तरंगत होते, त्यांच्यावरून अंधारात विनाशिका गेल्या. सव्वा तासाच्या आसपास हे सगळं उरकलं. दोन पाणबुड्या बुडाल्या, शंभराहून अधिक माणसं गेली. ही बातमी अनेक दशकं दाबून ठेवली गेली. २००२ मध्ये अँस्ट्रदर या गावी स्मारकशिला बसली.

वेग दिला की पाणबुडी ताफ्यात सामावेल, हा समज त्या रात्री उघडा पडला. शंभर मीटर लांबीची, पाण्यापासून जेमतेम वर असलेली, अंधारात न दिसणारी नौका विसावर नॉटने मोठ्या जहाजांच्या रांगेत चालवणं हेच मुळात घातक होतं. बॉयलरऐवजी उत्तम डिझेल असतं, तरी त्या रात्री तेच झालं असतं.

के-वर्गाने शत्रूचं काहीच नुकसान केलं नाही?

के-७ ने जून १९१७ मध्ये एका जर्मन पाणबुडीला टॉर्पेडो मारला. लागला, पण फुटला नाही. एवढंच. अठरा के-पाणबुड्या बांधल्या गेल्या. एकही शत्रूच्या माऱ्यात बुडाली नाही. ज्या गेल्या त्या अपघातात. के-५ तर युद्ध संपल्यावर, जानेवारी १९२१ मध्ये बिस्केच्या उपसागरात ५७ माणसांसह नाहीशी झाली.

ब्रिटनने नाद सोडला का?

लगेच नाही. १९३२ पासून थेम्स, सेव्हर्न आणि क्लाइड या तीन पाणबुड्या निघाल्या. वाफ नाही, निव्वळ डिझेल, वेग २२ नॉटच्या आसपास. यंत्र म्हणून त्या छान होत्या. पण तोवर नव्या बॅटलशिपांचा वेग तिशीकडे चालला होता. शर्यत हरलेली होती, म्हणून मालिका तिनावरच थांबली.

अमेरिकेची सुरुवात तरी बरी झाली का?

मुळीच नाही. १९१४ मध्ये मंजूर झालेली श्ले, पुढे तिचंच नाव टी-१ झालं, ही तिथली पहिली फ्लीट सबमरीन. २० नॉटसाठी पंखा फिरवणाऱ्या एकेका शाफ्टवर (दांड्यावर) एकामागे एक अशी दोन डिझेल इंजिनं जोडली. त्यांची कंपनं एकमेकांत मिसळून असा हादरा बसे की क्रँकशाफ्ट टिकेनात. टी-वर्गाच्या तिन्ही पाणबुड्या काही वर्षांतच सेवेतून काढल्या.

मग आल्या व्ही-पाणबुड्या. १९२४ ते १९३४ या काळात नऊ, आणि प्रत्येक टप्प्यावर कल्पना बदललेली. पहिल्या तिघींकडून २१ नॉटची अपेक्षा होती, त्या १९ च्याही आत राहिल्या. चौथी, आर्गोनॉट, सुरुंग पेरणारी आणि ११६ मीटर लांबीची. पाचवी आणि सहावी, नार्व्हाल आणि नॉटिलस, सहा इंची तोफा मिरवणाऱ्या. सातवीपासून आकार उतरू लागला. १९३० च्या लंडन नौदल करारानेही त्याला हातभार लावला: अमेरिका, ब्रिटन आणि जपान यांना प्रत्येकी एकूण ५२,७०० टनांच्याच पाणबुड्या ठेवता येणार होत्या. एकूण वजन ठरलेलं असेल तर अगडबंब चार हव्यात की मध्यम आठ, हे गणित कुणालाही सुटतं.

या नऊ पाणबुड्यांना अपयशी म्हणण्याची रीत आहे. मला ते पटत नाही. त्यांनी दहा वर्षांत वेगवेगळे नऊ धडे दिले, आणि सगळे शांततेच्या काळात.

चांगलं इंजिन शेवटी आलं कुठून?

रेल्वेतून, असं म्हटलं तरी चालेल. तिशीच्या सुरुवातीला हलक्या, वेगाने फिरणाऱ्या डिझेल इंजिनांची गरज अमेरिकन नौदलाला होती आणि रेल्वे कंपन्यांनाही. जनरल मोटर्सच्या विंटन विभागाचं २०१-ए हे इंजिन दोघांच्या कामी आलं. १९३४ मध्ये डेन्व्हर ते शिकागो विक्रमी वेळेत धावलेली झेफिर आगगाडी याच घराण्याच्या इंजिनावर चालली. रेल्वेमुळे बाजारपेठ मिळाली, म्हणून कारखान्यांना पैसा घालणं परवडलं.

दुसरा बदल जोडणीचा. जुन्या पाणबुड्यांत डिझेल थेट पंखा फिरवी. आता चार इंजिनं फक्त वीज तयार करू लागली आणि पंखा विजेच्या मोटरीने फिरू लागला. इंजिनाला पंख्याच्या तालावर नाचायची गरज उरली नाही, टी-१ ला मोडणारी कंपनं टळली. शिवाय दोन इंजिनं पाणबुडी पळवताहेत आणि दोन बॅटरी भरताहेत, अशी वाटणी हवी तशी करता येऊ लागली. सगळीच इंजिनं मात्र चांगली निघाली नाहीत. जर्मन धाटणीची एच. ओ. आर. इंजिनं इतकी बंद पडत की युद्ध चालू असताना ती काढून दुसरी बसवावी लागली.

पाणबुडीत वातानुकूलन! चैन होती का ती?

चैनीचा आरोप तेव्हाही झाला होता. पण उष्ण कटिबंधात बंद पोलादी नळीत साठ माणसं, गरम इंजिनं आणि श्वासाची वाफ म्हणजे भिंतींवरून पाण्याच्या धारा. ते पाणी विजेच्या बोर्डांवर टपकलं की शॉर्ट सर्किट. वातानुकूलन यंत्रं हवेतलं पाणी ओढून घेत, म्हणून वीजयंत्रणा कोरडी राही. माणसं धडधाकट राहिली आणि अडीच महिन्यांची गस्त शक्य झाली. कोकणात पावसाळा काढलेल्याला कोंदट हवेचा हा त्रास वेगळा समजवावा लागणार नाही.

गॅटो वर्ग इतका गाजला, त्यात काय विशेष होतं?

सगळे धडे एका जागी आले. लांबी ९५ मीटर, पृष्ठभागावर सुमारे १,५२५ टन, वेग साधारण २१ नॉट. टॉर्पेडोच्या सहा नळ्या पुढे, चार मागे, एकूण २४ टॉर्पेडो. १० नॉटने ११,००० सागरी मैलांचा पल्ला, ७५ दिवसांचा शिधा. मुंबईहून लंडनला केप ऑफ गुड होपला वळसा घालून जायलाही हा पल्ला कमी पडत नाही. गॅटो ७७ बांधल्या गेल्या. त्यांच्या पाठोपाठ जाड कवचाच्या आणि जास्त खोल जाणाऱ्या बालाओ, मग टेंच.

त्या बॅटलशिपांबरोबर धावल्या का मग?

नाही. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला, बॅटलशिपा तळाला गेल्या, आणि काही तासांतच जपानविरुद्ध अनिर्बंध पाणबुडीयुद्धाचा, म्हणजे व्यापारी जहाजंही इशारा न देता बुडवण्याचा, हुकूम सुटला. ताफ्याच्या पुढे टेहळणी करायला आखलेल्या पाणबुड्या एकट्याने मालवाहू जहाजांमागे गेल्या. हवाईहून जपानी किनाऱ्यापर्यंत जाऊन तिथे आठवडेच्या आठवडे थांबायचं आणि परत यायचं, हे लहान पाणबुडीला जमलं नसतं.

पहिली दीड-दोन वर्षं मात्र टॉर्पेडोनेच घात केला. मार्क १४ हा टॉर्पेडो ठरवलेल्या खोलीपेक्षा सुमारे तीन मीटर खालून जाई. अॅडमिरल लॉकवूड यांनी जून १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आल्बनीजवळ समुद्रात कोळ्यांचं जाळं लावून त्यातून टॉर्पेडो सोडले, आणि भोकं किती खोल पडली ते मोजून हे सिद्ध केलं. पुढे चुंबकीय फ्यूजची (जहाजाच्या चुंबकत्वाने स्फोट घडवणाऱ्या कळीची) गडबड निघाली, आणि तीही सुटल्यावर आघाताने फुटणारा फ्यूजच कच्चा निघाला. २४ जुलै १९४३ रोजी टिनोसा पाणबुडीने तोनान मारू क्रमांक ३ या जपानी जहाजावर पंधरा टॉर्पेडो सोडले, अकरा फुसके. तिच्या कप्तानाने शेवटचा टॉर्पेडो डागला नाही, तपासणीसाठी पर्ल हार्बरला परत नेला. त्या एका निर्णयाने दोष लवकर सापडला.

त्यानंतर चित्र पालटलं. अमेरिकन नौदलाच्या मनुष्यबळात पाणबुडीवाले दोन टक्क्यांच्या आत होते आणि जपानच्या बुडालेल्या व्यापारी जहाजांच्या एकूण टनांपैकी निम्म्याहून अधिक त्यांनी बुडवलं. त्यापायी ५२ पाणबुड्या गेल्या, साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली.

जपानकडे तर याहून वेगवान पाणबुड्या होत्या ना?

होत्या. काइदाई मालिकेतल्या काही २३ नॉट गाठत. पॅसिफिक ओलांडून येणारा अमेरिकन ताफा वाटेतच पोखरायचा, हे त्यांचं काम. एकदा ते अगदी ठरल्यासारखं घडलंही: मिडवेच्या लढाईनंतर आय-१६८ ने जखमी विमानवाहू यॉर्कटाउन गाठली आणि तिला संपवलं. पण जपानने हा युद्धनौकांचा ध्यास सोडला नाही. अमेरिकेचे लांबलचक पुरवठा मार्ग बऱ्याच अंशी मोकळे राहिले, आणि युद्ध बिघडल्यावर जपानच्या पाणबुड्या बेटांवर अडकलेल्या सैन्याला तांदूळ पोहोचवण्यात गुंतल्या.

भारताचा या पाणबुड्यांशी काही संबंध आला का?

आला, तोही शत्रू म्हणून. १९७१ च्या युद्धातली पाकिस्तानची गाझी ही मूळची अमेरिकन यूएसएस डियाब्लो, टेंच वर्गातली फ्लीट सबमरीन. १९६४ मध्ये ती पाकिस्तानला भाडेपट्ट्याने मिळाली. पाकिस्तानच्या फ्रेंच पाणबुड्या नव्या होत्या, पण कराचीहून निघून भारतीय द्वीपकल्पाला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचायचं आणि तिथे थांबून विक्रांतचा माग काढायचा, एवढा पल्ला फक्त गाझीचा होता. पॅसिफिकसाठी आखलेला तो पल्ला तीस वर्षांनी आपल्या पूर्व किनाऱ्यावर येऊन धडकला. विक्रांत आधीच अंदमानकडे हलवलेली होती. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री गाझी विशाखापट्टणमच्या बाहेर सगळ्या माणसांसह बुडाली. आयएनएस राजपूतच्या माऱ्याने, असं भारत सांगतो. अपघाती स्फोटाने, असं पाकिस्तान.

वाफेची कल्पना कायमची बुडाली का?

अणुऊर्जेने ती परत आणली. अणुभट्टीला हवा लागत नाही, म्हणून धुराडं नको आणि पृष्ठभागावर यायची घाईही नको. आतलं टर्बाइन मात्र वाफेवरच फिरतं. १७ जानेवारी १९५५ रोजी अमेरिकेची नॉटिलस अणुशक्तीवर निघाली. आणि ब्रिटिश नौदल आपल्या अणुशक्तीवरच्या हल्लेखोर पाणबुड्यांना आजही फ्लीट सबमरीन म्हणतं.

अशी पाणबुडी आतून कुठे पाहायला मिळेल?

अमेरिकेत असाल तर अनेक ठिकाणी. सॅन फ्रान्सिस्कोच्या फिशरमन्स वॉर्फला पँपॅनिटो आहे; बे एरियातल्या मराठी मंडळींना ती घराजवळच. पर्ल हार्बरला बोफिन, मोबिल शहरात ड्रम. मी सुचवेन क्लीव्हलँडची गॅटो वर्गातली कॉड. प्रेक्षकांसाठी तिच्या कवचाला दार पाडलेलं नाही, जिने बसवलेले नाहीत. खलाशी उतरत त्याच उभ्या शिड्यांवरून उतरावं लागतं. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी विचार करा.

भारतात विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर आयएनएस कुरसुरा आहे. ती सोव्हिएत फॉक्सट्रॉट वर्गातली, त्यामुळे घराणं वेगळं, पण मोठ्या डिझेल पाणबुडीत माणसं कशी राहत हे तिथे नीट समजतं. टॉर्पेडोच्या खोलीतल्या बिछान्यांकडे नक्की बघा.